कॉन्सर्ट भरवणाऱ्यांनो, आमची बॅग आणि आमची रात्र

प्रति,
मुंबई-नवी मुंबईत मोठे रॉक आणि मेटल शो भरवणारे सगळे आयोजक

साहेब लोकांनो, नमस्कार.

तुम्ही शो जाहीर करता तेव्हा तुमच्या डोळ्यासमोर जो प्रेक्षक असतो ना तो अंधेरीला नाहीतर ठाण्याला राहतो, दुपारी चारला खिशात मोबाईल आणि पाकीट टाकून घरातून निघतो आणि शो संपला की लोकल नाहीतर कॅब पकडून स्वतःच्या गादीवर जाऊन झोपतो. त्याच्यासाठी तुमची व्यवस्था चांगली आहे, माझं काही म्हणणं नाही. पण त्याच गर्दीत आम्ही पण असतो. कुडाळचे, कणकवलीचे, सावंतवाडीचे, एक जण राजापूरचा म्हणजे जिल्हा रत्नागिरी पण तो आमच्यातच धरलाय. काळे टी-शर्ट सगळ्यांचे सारखेच त्यामुळे तुम्हाला वेगळे दिसत नाही एवढंच. आमच्याकडे दोन गोष्टी असतात ज्या त्या अंधेरीवाल्याकडे नसतात. एक बॅग, आणि दुसरी म्हणजे शो संपल्यावर उरलेली अख्खी रात्र. ह्या दोघींचं काय करायचं ते कधीतरी ठरवा, एवढंच मागायला हे पत्र आहे.

आधी आम्ही येतो कसे ते सांगतो कारण मला वाटतं तुम्हाला ते माहीतच नाही. तुम्ही तारीख चार-पाच महिने आधी जाहीर करता, तिकीट विक्री सुरू झाली की मोबाईलवर रांग दिसते, रेंज आमच्याकडे घाटाखाली कशी असते ते विचारू नका, कोणाचा तरी नंबर लागतो आणि तो सगळ्यांची तिकिटं काढतो. इथपर्यंत ठीक. पण रेल्वेचं रिझर्वेशन पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं ते १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसांवर आणलंय. म्हणजे तुम्हाला हजारो रुपये देऊन झालेले असतात आणि पुढचे दोन-तीन महिने आपल्याला गाडी मिळणार की नाही हे माहीत नसताना आम्ही बसलेलो असतो. कोकण रेल्वेची लाईन अजून बरीचशी एकेरी, गाड्या त्याच त्या, कोकणकन्या, तुतारी, मांडवी, जनशताब्दी, आणि सुट्टी जोडून आली की रिझर्वेशन उघडल्या उघडल्या वेटिंग. तिकीट कन्फर्म नाही झालं तर तत्काळ, म्हणजे आदल्या दिवशी सकाळी पुन्हा मोबाईलवर नशीब. रस्त्याने यायचं तर मुंबई-गोवा हायवे, त्याचं चौपदरीकरण २०११ ला सुरू झालंय, त्याच्यावर मी काही लिहित नाही, पत्र लांबेल.

तर हे सगळं करून माणूस येतो तो बॅग घेऊनच येणार ना? एक जोडी कपडे, टॉवेल, चार्जर, पाण्याची बाटली. आणि कोकणातून मुंबईला जाणारा माणूस रिकाम्या हाताने गेला असं तुम्ही कधी बघितलंय का? आईला कळलं की हा मुंबईला चाललाय की काकीसाठी काहीतरी बांधलंच जातं, मग तू कॉन्सर्टला जा नाहीतर इंटरव्ह्यूला जा. आईने आधी माझा टी-शर्ट बघितला आणि म्हणाली, "ही कवटी आंगार घेवन खंय चललंस रे?" आणि लगेच पुढच्या मिनिटाला सुके बांगडे आणि सुकी सुंगटां म्हणजे कोलंबी चार पिशव्यांत गुंडाळून माझ्या बॅगेत कोंबली. कवटीवर तिचा आक्षेप होता तो तिथेच संपला.

आता मागच्या शोचं. ना बँडचं नाव घेत ना स्टेडियमचं, कारण मग आयोजक कोण ते लगेच कळेल आणि मला एकट्याशी भांडायचं नाहीये, हे तुमच्यात सगळीकडेच चालतं. आम्ही गाडीत बसलो, रत्नागिरी सोडली आणि तेव्हा मोबाईलवर तुमचा मेसेज आला की उद्याच्या शोच्या सूचना वाचा. त्यात बॅगेचा नियम. छोटी कंबरेची पाऊच चालेल, बाकी कुठलीही बॅग आत नेता येणार नाही, बॅग ठेवण्याची सोय गेटवर नाही. बरं हा नियम सुरक्षेसाठी आहे हे आम्हाला पण कळतं, चाळीस हजार लोकांच्या बॅगा कोण तपासत बसणार, नियमाला आमची हरकतच नाही. पण तिकीट विकताना हे लिहायला काय झालं होतं? आम्ही रत्नागिरी सोडल्यावर सांगून आम्ही बॅग काय खिडकीतून फेकायची?

काकीकडे ठेवून येऊ म्हणाल तर काकी राहते नालासोपाऱ्याला. तिकडे जाऊन परत स्टेडियमला यायचं म्हणजे दिवस गेला. रेल्वेच्या क्लोकरूमला कुलूप असलेली बॅग लागते, आमच्या निम्म्या बॅगांना चेनच धड नाही. शेवटी स्टेडियमच्या बाहेर एक पानपट्टीवाला म्हणाला ठेवा, दोनशे रुपये एका बॅगेचे. ठेवल्या. त्याने माझी बॅग उचलली, वास घेतला आणि म्हणाला "इसका तीन सौ". दिले. ह्या सगळ्या शोधाशोधीत ओपनिंगला जो बँड होता तो आम्ही भिंतीच्या बाहेरून ऐकला, आणि आमच्यातला कणकवलीवाला त्या ओपनिंग बँडसाठीच आला होता, मेन बँड त्याला फार जुनाट वाटतो.

आतलं सगळं मस्त होतं हे पण सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल ह्यांना नुसती रडगाणी. साऊंड मस्त, स्क्रीन मस्त, पहिल्या गाण्याला जो आवाज छातीत बसला तो दुसऱ्या दिवशीपर्यंत गेला नाही. आमच्यातला एक डबलबारीला, म्हणजे भजनाच्या सामन्याला, पखवाज वाजवतो, बुवाला साथ करून करून हात तयार झालेला माणूस, तो अख्खा शो फक्त ड्रमरच्या पायांकडे बघत होता, दोन्ही पायांनी डबल बास एवढा वेळ एका लयीत कसा ठेवतो म्हणून. गाणं कुठलं चाललंय ते त्याला माहीत नव्हतं. पिटमध्ये, म्हणजे स्टेजसमोरच्या नाचत्या गर्दीत, धक्के खाल्ले, एक पोरगा पडला तर चार अनोळखी लोकांनी दोन सेकंदात उचलून उभा केला, बूट पण शोधून दिला. बाहेर लोकांना वाटतं मेटलवाले म्हणजे मारामारी, एकदा येऊन बघा म्हणावं.

पण नऊ वाजल्यापासून आमच्या डोक्यात एकच, पानपट्टी उघडी असेल ना. आणि नव्हती. शो संपायच्या आधी पोलिसांनी रस्ता मोकळा करायला सगळे ठेले उठवले होते, त्यात तो पण गेला. "ह्यो खंय गेलो रे आता?" म्हणून आम्ही त्या गर्दीत उलटे चाललोय, सगळे स्टेशनकडे आणि आम्ही विरुद्ध दिशेला, मोबाईलला नेटवर्क नाही, त्याचा नंबर घेतलेला पण लागत नाही. बॅगा शेवटी बाजूच्या सोसायटीच्या वॉचमनकडे सापडल्या, त्या बिचाऱ्याने सांभाळून ठेवल्या होत्या. पण तोपर्यंत कोकणकन्या गेली. तिकीट कन्फर्म होतं साहेब. कन्फर्म.

आता रात्रीबद्दल. मोकळ्या मैदानात रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर लावायला बंदी आहे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत ते आहे, त्यामुळे तुमचा शो दहाला बंद होतो. म्हणजे शो कधी संपणार हे तुम्हाला महिनोन्‌महिने आधी माहीत असतं, त्यात काही सस्पेन्स नाही. आणि कोकणकन्या सीएसएमटीहून सुटते अकराला, पनवेलला येते साडेबाराच्या आसपास. तुतारी दादरहून बाराच्या ठोक्याला सुटते, पनवेलला एक वाजून जातो. नेरुळसारख्या ठिकाणी शो असेल तर पनवेल हार्बर लाईनवर अर्ध्या तासाच्या आत. बघा, कागदावर किती सुंदर जमतंय. दहाला शेवटचं गाणं, साडेबाराला गाडी, पहाटे चिपळूण, सकाळी कुडाळ. कोणीतरी आमच्यासाठीच टाइमटेबल लावलंय असं वाटतं. फक्त मधल्या अडीच तासात तुमच्या गेटमधून बाहेर पडून, बॅग घेऊन, स्टेशनपर्यंत चालत पोचून, लोकलमध्ये शिरता आलं पाहिजे. एवढी एकच फट आहे आणि ती तुमच्या हातात आहे, रेल्वेच्या नाही.

आणि ती गाडी चुकली की मग सकाळी सातच्या सुमाराला दिवा-सावंतवाडी, जिला रिझर्वेशन लागत नाही आणि जी फारशी स्टेशनं सोडत नाही, घरी पोचायला संध्याकाळ. मधली रात्र काढायची कुठे? लोकल एक-दीडला बंद होतात, पहाटे चारला सुरू होतात. तुमच्या स्टेडियमची गेटं तासाभरात बंद, सिक्युरिटीवाले "चलो चलो" करून रस्त्यावर काढतात. हॉटेलं शोच्या दिवशी तिप्पट. आमच्यासोबत त्या रात्री सांगलीची दोन पोरं आणि कोल्हापूरची एक मुलगी तिच्या भावाबरोबर, सगळे स्टेशनच्या जिन्यात बसलेले. पोरांचं एक वेळ चालतं हो, काय होतंय पोरांना. त्या मुलीला बाथरूम सापडायला अर्धा तास गेला. हे जरा तुमच्या मीटिंगमध्ये कोणीतरी बोला.

पूर्वी हे प्रश्न आम्हाला पडत नव्हते कारण मुंबईत खोली होती. माझा मामा नव्वदच्या दशकात धोबी तलावच्या रंगभवनात इंडिपेन्डन्स रॉक बघायला जायचा, १९८६ ला सुरू झालेला तो शो, अख्ख्या मुंबईतली केस वाढवलेली पोरं तिथे. मामा गावावरून एसटीने जायचा आणि लालबागला गावकरी मंडळाच्या खोलीत ट्रंक टाकायचा. गिरणगावात कोकणातल्या कितीतरी गावांच्या अशा खोल्या होत्या, एका खोलीत वीस-वीस जण, पाळीपाळीने झोपायचं, कोण कुठल्या पाळीत गिरणीत जातो त्यावर जागा. रात्री बाराला आलास तरी दार उघडं, कोणी विचारत नाही कुठे होतास, फार तर केसांवरून बोलणी खायची. त्या खोल्या गेल्या, चाळींचे टॉवर झाले, चाकरमानी विरार-बदलापूरला पांगले, आणि रंगभवनाला पण शांतता क्षेत्रामुळे टाळं लागलं ते वेगळंच. मामाला बॅग आणि रात्र सांभाळायला अख्खं गाव होतं. आम्हाला पानपट्टी.

मामाच नंतर १७ मार्च २००७ ला बंगलोरला आयर्न मेडन हा मेटल बँड बघायला गेला, पॅलेस ग्राउंड्सवर, त्यांचा भारतातला पहिलाच शो. सावंतवाडीहून आंबोली घाट चढून बेळगाव आणि तिथून रात्रीची बस. वर्षभरात १ फेब्रुवारी २००८ ला तेच मेडन मुंबईत बीकेसीला आले तेव्हा मामा म्हणाला होता की बंगलोरला जाणं सोपं पडलं होतं. आम्हाला तेव्हा ते गंमतीचं वाटलं होतं.

आणि शो रद्द झाला तर? २०११ च्या ऑक्टोबरमध्ये मेटॅलिका हा मेटल बँड पहिल्यांदा भारतात आला, गुडगावचा शो लोक मैदानात येऊन उभे राहिल्यावर रद्द झाला, बॅरिकेडचा घोळ, नंतर तोडफोड पण झाली. दोन दिवसांनी ३० तारखेला बंगलोरचा शो व्यवस्थित झाला. अशा वेळी तिकिटाचे पैसे परत मिळतात, मान्य. पण तिकीट हा आमच्या खर्चाचा निम्मा भाग असतो. उरलेला निम्मा रेल्वेत, जेवणात आणि बुडालेल्या रजेत गेलेला असतो, तो कोणी देत नाही. तो द्या असं मी म्हणत पण नाही, फक्त निर्णय घ्यायचाच असेल तर लोक गाडीत बसायच्या आधी घ्या.

तुम्ही म्हणाल एवढी सोय कोण करतं. साहेब, आमच्याकडे मालवण तालुक्यात मसुऱ्याला आंगणेवाडीची जत्रा होते, भराडी देवीची. तिची तारीख पंचांगात नसते, देवीचा कौल घेऊन ठरते. म्हणजे तुमच्यासारखीच, एक दिवस अचानक जाहीर होते आणि तासाभरात प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरते आणि मुंबईतला चाकरमानी तिकीट काढायला धावतो. लाखांनी माणूस येतो, एका वाडीत. एसटी जादा गाड्या सोडते, रेल्वे स्पेशल सोडते, रांगा वेगळ्या, पार्किंग वेगळं, आणि हे सगळं तारीख कळल्यानंतर. आणि गावोगावच्या जत्रेत बघा, दशावतार उभा राहतो मध्यरात्रीनंतर आणि दहीकाला होतो पहाटे, लांबून आलेली माणसं नाटक बघत रात्र काढतात आणि उजाडल्यावर पहिल्या एसटीने घरी. कोणाला जिन्यात बसावं लागत नाही. ज्याने कोणी ही वेळ पहिल्यांदा ठरवली असेल त्याने लांबून येणाऱ्या माणसाचा विचार केला होता की नाही मला माहीत नाही, पण जमलंय मात्र चोख. तुम्ही रात्रभर गिटार वाजवा असं नाही म्हणत मी, दहाचा नियम आहेच, आणि आजूबाजूच्या लोकांना पण झोप पाहिजे.

रेल्वेचं पण अशक्य नाही. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे शो आधी नवी मुंबईत आणि मग २५, २६ तारखेला अहमदाबादला झाले, तेव्हा मुंबईहून अहमदाबादला खास गाड्या सोडल्या होत्या. म्हणजे कोणीतरी मागितल्या किंवा कोणाला तरी सुचलं. कोकणासाठी स्पेशल गाडी फक्त गणपती आणि शिमग्यालाच सुटते असं कुठे लिहिलेलं नाही. पूर्ण गाडी नको, असलेल्या गाडीला दोन जनरलचे डबे जादा लावले तरी निभेल. पण ते आम्ही चार पोरांनी पत्र लिहून होणार नाही, तुमच्या लेटरहेडवर होईल. तुम्ही पोलिसांशी बोलता, पालिकेशी बोलता, पार्किंगसाठी बोलता, त्याच दिवशी एक पत्र रेल्वेला पण टाका.

बाकी आमचं मागणं अगदी किरकोळ आहे आणि फुकट काही नको. गेटच्या बाहेर एक मांडव टाका, बॅग जमा करा, टोकन द्या, शंभर-दोनशे रुपये घ्या, पानपट्टीवाल्याला तीनशे दिलेच ना आम्ही. तो मांडव शो संपल्यावर दोन तास तरी उघडा ठेवा आणि स्टेशनच्या वाटेवर ठेवा, उलट्या बाजूला नको. स्टेडियमचा एखादा कोपरा, पार्किंगमधली एखादी शेड, पहिली लोकल सुटेपर्यंत उघडी ठेवा, दोन दिवे, पाणी, बायकांसाठी स्वच्छ बाथरूम आणि एक-दोन सिक्युरिटीवाले, बास. तिथे चहावाला बसवलात तर तुमचाच धंदा होईल. मोबाईल चार्ज करायला जागा दिलीत तर उत्तमच, कारण तुमचं तिकीट मोबाईलवर, रेल्वेचं मोबाईलवर, पैसे मोबाईलवर, आणि तो कुडाळहून निघाल्यापासूनचा चालू असतो. आत पाण्याची बाटली काय भावाने विकता त्यावर वेगळं पत्र लिहीन.

कोणी म्हणेल एवढा त्रास आहे तर गोव्याला जा, जवळ आहे. जवळ आहे हो, आमच्या सावंतवाडीवाल्याला बांद्याच्या पलीकडे गोवाच. पण गोव्यात मोठं काही असलं तर ते बहुतेक इडीएम, म्हणजे डीजेचं नाचायचं इलेक्ट्रॉनिक म्युझिक, तिथे आमचं मन रमत नाही. आणि कुडाळला स्टेडियम बांधा असं पण आम्ही म्हणत नाही, तेवढी अक्कल आहे आम्हाला, मोठा बँड यायचा तर मुंबईलाच येणार. येऊ की आम्ही. यायला कधी कंटाळलोय.

पुढचा शो जाहीर कराल तेव्हा तिकिटाच्या पानावरच, दराच्या खाली, बॅग कुठे ठेवायची, तिचं भाडं किती आणि मांडव किती वाजेपर्यंत उघडा ते छापा. आमचं रेल्वे रिझर्वेशन त्यानंतर उघडेल, कोकणकन्या काढायची की तुतारी ते आम्ही त्यावरून ठरवू.

आपले,
कुडाळ, कणकवली, सावंतवाडी आणि एक राजापूरवाला

ता. क. शोची तारीख शक्यतो रविवार ठेवा. शुक्रवार-शनिवारच्या रात्री कोकणात येणाऱ्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते, रविवारी रात्री सगळे उलट दिशेला मुंबईकडे निघालेले असतात आणि खाली येणाऱ्या गाडीत बर्थ मिळतो. सोमवारच्या रजेचं आम्ही बघून घेऊ.